डबा बदनाम, कल्हई पावन?

पत्र्याच्या डब्यातला आमरस म्हणजे सावकाश भिनणारे विष, असे हल्ली सुशिक्षित घरांतही ठासून सांगितले जाते. प्रतिपक्षाचे म्हणणे असे: रस आंबट, डबा धातूचा, महिनोन्‌महिने आम्ल पत्र्याला खाते, धातू अन्नात उतरतो आणि शरीरात साचत जातो. त्यापेक्षा आजीचे पितळी पातेले बरे. यातले एक विधान मी आरंभीच मान्य करतो. धातू उतरतोच.

पण कोणता? डब्याचा पत्रा पोलादाचा, त्यावर कथिलाचा पातळ मुलामा. आणि तापलेल्या पातेल्यावर नवसागर टाकून कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने काय फिरवीत असे? कथीलच! तोच धातू डब्यात विष आणि पातेल्यात परंपरा कसा होतो? कल्हई उडाली की आमसुलाची गाठ थेट पितळेशी पडते, हे आजी जाणून होती. म्हणून तर कल्हईवाल्याची हाक आली की पातेली अंगणात येत.

आता साचण्याचा मुद्दा. पोटात गेलेल्या कथिलाचा फार थोडा अंश रक्तात शोषला जातो. बाकीचे बाहेर पडते. प्रमाण फार वाढले तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते, म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने डबाबंद पदार्थांत किलोमागे 250 आणि पेयांत 150 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. हाडांत साचते ते शिसे. डब्याची शिवण शिसेमिश्रित धातूने सांधत, तेव्हाची भीती रास्तच होती. पण अमेरिकी उत्पादकांनी ती रीत 1991 पर्यंत सोडली, 1995 मध्ये तिथे कायद्यानेही तिला बंदी आली. उलट, कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ तर नाही ना, हे दारावर कुणी कधी विचारले?

थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनला आतून लेप असतो. त्याला नावे ठेवणारेच बिनलेपाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात टोमॅटोचे सार उकळतात. लेपातल्या बिस्फेनॉल-ए वर आक्षेप घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. युरोपीय संघाने 2024 च्या अखेरीस त्यावर बंदीच घातली. मात्र तो धातू नव्हे.

राहता राहिली आपली सवय. बिनलेपाचा डबा उघडला की हवेतल्या प्राणवायूमुळे कथील झपाट्याने विरघळू लागते. उरलेला रस तत्काळ काचेच्या भांड्यात काढायचा असतो. आपण तो तसाच फ्रिजमध्ये सारतो. आरोपी डबा की आपण, निवाडा वाचकांनी करावा.