रंगमंच आणि पडदा : तमिळ बोलपटाचा आरंभकाळ

आरंभीच्या तमिळ बोलपटांवर समीक्षकांचा एक ठरलेला आक्षेप असतो : ते बोलपट म्हणजे कॅमेऱ्याने टिपून घेतलेली नाटकेच होत. हा आक्षेप निराधार नाही. परंतु तो एकांगी आहे. चित्रपट नाटकापासून कितपत मुक्त झाला, एवढेच त्यात पाहिले जाते. पडद्यावर येताना नाटकाला कशाचा त्याग करावा लागला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

शंकरदास स्वामिगळ (१८६७–१९२२) यांची 'वळ्ळी तिरुमणम्', 'पवळक्कोडी' इत्यादी पौराणिक नाटके तमिळ मुलखात घरोघर परिचित होती. 'स्पेशल नाटक' या प्रकारात नटनटी निरनिराळ्या गावांहून एका रात्रीपुरत्या करारबद्ध होऊन येत आणि तालमीवाचून थेट रंगमंचावर भेटत. संहिता सर्वांना मुखोद्गत असल्यामुळेच हे शक्य होई. पदे किती आळवावयाची, वळ्ळी आणि नारद यांचा वाद कोठवर ताणावयाचा, हे त्या रात्रीचा प्रेक्षक ठरवी. संहिता हा केवळ सांगाडा. नाटक दर रात्री नव्याने घडे.

'काळिदास' हा पहिला तमिळ बोलपट ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रकाशित झाला. एच. एम. रेड्डी यांनी तो मुंबईत अर्देशिर इराणी यांच्या संस्थेसाठी दिग्दर्शित केला. नायिका टी. पी. राजलक्ष्मी रंगभूमीवरून आलेल्या. गीतकार भास्करदासही तेथलेच. महाकवीच्या कथेत गांधीजींच्या चरख्याचे गीत यावे, हे आज विसंगत वाटते. परंतु कथेशी असंबद्ध असे राष्ट्रीय पद मध्येच गाण्याची प्रथा तमिळ रंगभूमीवर रूढ होती. पडद्याने ती जशीच्या तशी उचलली.

नाटकांकडे वळण्यामागे व्यावहारिक कारणेही होती. १९३४ पर्यंत मद्रासेत ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता; तमिळ मंडळींना मुंबई-कलकत्त्याला जावे लागे. आपल्या 'प्रभात'नेही 'सीता कल्याणम्' हा तमिळ बोलपट काढला. पार्श्वगायन रूढ झालेले नसल्याने नटाला गाता येणे अपरिहार्य होते. अशा वेळी भूमिका पाठ असलेला गायकनट म्हणजे परगावच्या खर्चात मोठीच बचत.

के. सुब्रह्मण्यम् यांच्या 'पवळक्कोडी'त (१९३४) एम. के. त्यागराज भागवतर आणि एस. डी. सुब्बुलक्ष्मी ही रंगमंचावरचीच जोडी होती. गाणी तब्बल ५०. रंगमंचावर 'वन्स मोअर' प्रेक्षकाच्या हाती असे. पडद्याला तो ऐकू येत नाही. गाण्यांची ही रेलचेल मला त्या हरवलेल्या अधिकाराची भरपाई वाटते.

पुढे टी. के. एस. बंधूंच्या नाटकावरून 'मेनका' (१९३५) हा सामाजिक बोलपट निघाला. अण्णादुराईंची 'वेलैक्कारी' (१९४९) आणि करुणानिधींच्या संवादांनी गाजलेला 'पराशक्ती' (१९५२) हेही नाटकांवरूनच आले. मात्र येथे पदाची जागा भाषणाने घेतली. गीत काय, वक्तृत्व काय, दोन्हींचे आवाहन प्रथम कानाला. तमिळ चित्रपटाचे हे श्रवणप्राधान्य रंगभूमीचा वारसा होय. त्याला तंत्रातील अपरिपक्वता म्हणणे अन्यायाचे ठरेल.

भाषांतरकाराला हा व्यवहार ओळखीचा वाटावा. बदलत्या संहितेचे एकच रूप निवडून ते कायम करावे लागते, आणि उरलेली रूपे मागे राहतात. 'काळिदास'ची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या माध्यमाने रंगभूमीचा एक प्रयोग स्थिर केला, त्यालाही तो जपता आला नाही. तरीही त्या नाटकांचे गाव-जत्रांतील प्रयोग अद्याप होतात. रूपांतराच्या अभ्यासकाने आपला शोध तेथून सुरू करावा.