उरेब पट्टी ते तेजस: कापडाच्या तिरकेपणाचा इतिहास

१/ यवतसारख्या गावातील शिंपीही गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरकी कापतो. त्या दिशेने ओढताना धागा लांबत नाही. ताणा आणि बाणा यांमधील काटकोन बदलतो. यांत्रिकीत यास 'कर्तन' म्हणतात.

२/ १८७८ मध्ये रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी पॅरिसमध्ये कपडे बेतण्याच्या गणितावर व्याख्यान दिले. धाग्याची लांबी कायम, कोन तेवढा बदलता, हे त्यांचे गृहीतक. १९५६ मध्ये मॅक व टेलर यांनी वक्र पृष्ठांवर कापड बसविण्याचे गणित मांडले.

३/ पुढे तेच गणित कार्बनच्या कापडाला लागू झाले. चाचणीसाठी कापड बिजागऱ्यांच्या चौकटीत आवळून समोरासमोरचे दोन कोपरे ओढतात. चौकोनाची शंकरपाळी होते. आरंभी बळ अल्प लागते. धागे परस्परांस भिडले की ते झपाट्याने वाढते आणि पुढे सुरकुत्या पडतात.

४/ सुरकुती राळेत गोठली की ती निघत नाही, आणि वाकडा तंतू भार कमी पेलतो. म्हणून कोणत्या वळणावर किती कोन बदलेल, हे संगणकीय प्रारूपाने आधीच ताडावे लागते.

५/ ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम झेपावलेल्या 'तेजस'च्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्रे आहेत, मुख्यत्वे कार्बनची. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजसने उड्डाण केले. अशा विमानांमागील पदार्थविज्ञानाचे एक मूळ शिवणकामात आहे.