फिलोसोफेम : गोंगाटाच्या पोटातली शांतता

आज आपण एका अल्बमबद्दल बोलणार आहोत, आणि त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकू. हा अल्बम करणारा माणूस खुनी आहे. त्याची वंशवादी मतंही जगजाहीर आहेत. ते बाजूला ठेवून बोलता येईल असं आम्हाला वाटत नाही. पण त्यावरच थांबलो तर संगीताचा इतिहास अर्धाच कळतो.

सुरुवात बर्लिनपासून करू. कॉनराड श्निट्झलर हा तिथला इलेक्ट्रॉनिक संगीतकार, टँजरिन ड्रीमच्या सुरुवातीच्या काळातला. नॉर्वेचा एक तरुण गिटारवादक, युरोनिमस, थेट त्याच्या घरी जाऊन थडकला आणि एक तुकडा मिळवून आला. १९८७ साली मेहेम या बँडचं ‘डेथक्रश’ आलं, ते त्याच तुकड्याने सुरू होतं. त्यात गिटार नाही, किंचाळणं नाही. म्हणजे ब्लॅक मेटलमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीत नंतर बाहेरून आणून चिकटवलं, असं म्हणतात ते काही खरं नाही. ते उंबरठ्यावरच बसलेलं होतं.

आता बर्झुम. नाव बँडचं, पण माणूस एकच : वार्ग विकर्नेस. ‘फिलोसोफेम’ त्याने मार्च १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित केला. गिटारसाठी नेहमीचा मोठा अँप्लिफायर न घेता घरगुती स्टिरिओचा वापरला आणि गाण्यासाठी मुद्दाम मिळेल तो सर्वांत वाईट माइक मागितला, एक साधा हेडसेट! त्यामुळे गिटारचा आवाज माशा घोंघावल्यासारखा येतो.

इथे जरा कान देऊन ऐकायला हवं. या शैलीत उजवा हात तारेवर फार वेगाने चालतो, पण स्वर मात्र सावकाश बदलतात. थोड्या वेळाने कानाला वेग जाणवेनासा होतो. उरतो एक अखंड पडदा. तानपुरा जसा मागे चालू राहतो, साधारण तसं. (तुलना इतपतच, बरं का. इथे पुढे गायला कुणी बुवा येत नाहीत.) ब्रायन ईनोने १९७८ साली विमानतळासाठी म्हणून जे संगीत केलं, त्याला ‘अँबियंट’ हे नाव दिलं, त्याचीही अशीच अट होती : लक्ष दिलं तरी चालावं, नाही दिलं तरी चालावं.

अल्बममध्ये एकूण सहा तुकडे. पाचवा सुमारे २५ मिनिटांचा, आणि त्यात ड्रम नाहीत, गाणं नाही. कीबोर्डवर थोडेसे स्वर, तेच ते, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकताना आम्हालाही कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगा. पण मग सहावा तुकडा सुरू होतो. चौथ्याचाच तो भाऊ, फक्त त्यातला आरडाओरडा गेलेला. तो ऐकताना कळतं, की गोंगाट बाजूला केला तरी सांगाडा तोच राहतो.

हा अल्बम बाजारात आला १९९६ साली. तोवर विकर्नेस तुरुंगात होता. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याने युरोनिमसचा, म्हणजे ज्याने बर्झुमचा पहिला अल्बम काढला त्याचाच, ओस्लोत भोसकून खून केला. खून आणि चर्च जाळणं, दोन्हींसाठी मिळून १९९४ साली २१ वर्षांची शिक्षा झाली.

मग साहजिकच वाटतं, की ही कोठडीतली शांतता असावी, पश्चात्तापाचा सूर असावा. तारखा बघा. ध्वनिमुद्रण खुनाच्या पाच महिने आधीचं आहे. पश्चात्ताप आपण आपल्या पदरचा घालतो, कारण इतक्या शांत संगीतामागे तसा माणूस असावा हे पचत नाही. त्याच्या आधीच्या अल्बमचा शेवटही लांबलचक कीबोर्डनेच होतो, आणि तो तर १९९२ चा.

तुरुंगातलं संगीत वेगळं आहे. १९९७ आणि १९९९ साली आलेले दोन अल्बम सबंध सिंथेसायझरवर केलेले, कारण तिथे गिटार मिळत नव्हती. तिथे शांतता होती, पण ती गोंगाटाच्या पोटातली नव्हती. ते अल्बम आमच्याकडून फारसे ऐकले जात नाहीत.