अदृश्य रेणूंचें दर्शन

डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचा आकार विद्यार्थ्याला दाखवावा कसा? रसायनशास्त्राच्या अध्यापकापुढें हा प्रश्न नेहमींच उभा राहिला आहे. रेणु साध्या सूक्ष्मदर्शकांतूनहि दिसत नाहीं; परंतु त्याचे गुणधर्म पुष्कळ अंशीं त्याच्या घडणीवरच अवलंबून असतात.

१८६५ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं एक व्याख्यान दिलें. क्रोके नांवाच्या खेळांतले चेंडू रंगवून व सळयांनीं जोडून त्यांनीं रेणूंच्या प्रतिकृति श्रोत्यांपुढें मांडल्या. कर्ब काळा, हायड्रोजन पांढरा, प्राणवायु तांबडा, नत्र निळा, हा रंगसंकेत आजतागायत टिकला आहे. मात्र त्या प्रतिकृतींत एक मोठी उणीव होती. कर्बाचे चारहि बंध एकाच पातळींत पसरलेले होते. श्रोत्यांना रेणु दिसला खरा, पण तो सपाट दिसला.

ही उणीव १८७४ सालीं भरून निघाली. हॉलंडमधील २२ वर्षांचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्समधील ल बेल ह्या दोघांनीं, स्वतंत्रपणें, कर्बाचे बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असें प्रतिपादन केलें. ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेरमान कोल्बे ह्यांनीं १८७७ सालीं ह्या कल्पनेची जाहीर टवाळी केली. पण १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफ ह्यांनाच मिळालें. तें त्यांच्या अन्य संशोधनाबद्दल होतें; परंतु तोंवर चतुष्फलकाची कल्पनाहि शास्त्रांत रुजली होती.

पुढें प्रथिनांच्या प्रचंड रेणूंची पाळी आली. केंब्रिज येथें जॉन केंड्रू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्नायूंतील मायोग्लोबिनची घडण क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडली. १९६० च्या सुमारास तिची तपशीलवार प्रतिकृति उभारण्यासाठीं सुमारें २,५०० उभ्या सळयांचें जंगलच रचावें लागलें. असलें जंगल उचलून गांवोगांव कसें न्यावें? दूरच्या विद्यार्थ्याच्या वांट्याला पुस्तकांतील निश्चल चित्र तेवढें येई.

त्याच दशकांत अमेरिकेंतील एम. आय. टी. येथें सायरस लेविंथल ह्यांनीं संगणकाच्या पडद्यावर रेणूची रेखाकृति फिरवून दाखविली. १९७१ सालीं प्रोटीन डेटा बँक निघाली. आरंभीं तिच्यांत अवघ्या ७ घडणी होत्या; २०२३ सालीं त्यांची संख्या २ लाखांपलीकडे गेली होती. प्रत्येक घडण म्हणजे अणूंच्या स्थानांचे नुसते आंकडे. १९९३ सालीं रॉजर सेल ह्यांनीं त्या आंकड्यांचें चित्र करणारा रॅसमॉल सर्वांना मोफत खुला केला. त्यानंतर जेमॉलनें तेंच चित्र ब्राउझरच्या पानांत आणलें. तो जावावर चाले. ब्राउझरांनीं जावाला थारा देणें सोडलें, तेव्हां जुने पाठ मुके होण्याची वेळ आली. परंतु जेएसमॉल हें जावास्क्रिप्टमधील रूपांतर आधींच सिद्ध असल्यामुळें तो ठेवा वांचविण्याचा मार्ग उरला.

आतां विद्यार्थी केंब्रिजला न जातां तें मायोग्लोबिन स्वतःच्या हातानें फिरवितो, जवळ ओढतो, आंत डोकावतो. तथापि हॉफमनचा सपाट रेणु त्यानें विसरूं नये. अणूंना रंग नसतात, त्यांच्यामध्यें काड्याहि नसतात. पडद्यावरचें चित्र म्हणजे मोजमापांवरून काढलेलें अनुमान होय. तें पाहतांना ‘हें कशावरून?’ असें विचारणाऱ्यालाच रेणूचें खरें दर्शन घडतें.