रिपोर्ट येईपर्यंत

थोरले माधवराव पेशवे १७६४ साली हैदरशी लढत धारवाडपर्यंत आले आणि त्यांनी तिथला किल्ला घेतला. पुढे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, त्यांचा अंत झाला. वय अवघं सत्तावीस. नामांकित वैद्य दिमतीला होते. पण रोग हटतोय की बळावतोय, हे नाडी, ताप आणि खंगत चाललेलं अंग यांवरूनच ओळखायचं. पेशव्यांना जे कळण्याची सोय नव्हती, ते आज हुबळीच्या विद्यानगरातल्या सरकारी इस्पितळात हमालाला आणि शेतमजुराला एका डबीभर बेडक्यावरून कळतं, तेही फुकट. मधली अडीचशे वर्षं म्हणजे क्षयाच्या औषधांचा इतिहास आहेच, तसा तो वाट पाहण्याचाही आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्याच वर्षी सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांत पुण्याहून मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी असा लोहमार्ग जोडला गेला. या भागातल्या क्षयरोग्याच्या नशिबात या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभं केलं, आणि पुढे सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर, वॉनलेसवाडीला, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आजार हाताबाहेर जायला लागला की कानडी काय आणि मराठी काय, ज्याला झेपेल तो मिरजेची गाडी धरायचा.

सॅनेटोरियममध्ये औषध असं नव्हतंच. मोकळी हवा, सकस जेवण, सक्तीची विश्रांती आणि मोजमाप: वजन किती भरलं, तक्त्यावर तापाची रेघ कुठे गेली, बेडक्यात जंतू दिसले का. घरी खबर जायची ती पत्राने. तोवर घरात त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी काढलेली, धाकट्या बहिणीचं लग्न अडलेलं. रोगी तिकडे वाट बघायचा आणि घर इकडे.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, आयसोनायझिड १९५२ मध्ये आलं. तरीही खाटा किती पुरणार? याचं उत्तर मद्रासने दिलं. तिथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रात गरीब वस्तीतल्या रोग्यांचे दोन गट केले गेले. एक सॅनेटोरियममध्ये, एक घरीच. औषधं तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: घरी राहून गोळ्या घेणारेही जवळपास तितकेच बरे होतात आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. भारतातल्या क्षयरोग्याच्या बाजूने यापेक्षा मोठा निकाल दुसरा लागलेला नाही, असं म्हणायला हरकत नाही. आईला मुलांपासून तोडण्याची गरजच त्याने संपवली.

मात्र घरी औषध घ्यायचं तर तपासणीची जागाही घराजवळ हवी. राज्यपुनर्रचनेनंतर हुबळी म्हैसूर राज्यात गेली आणि १९५७ साली विद्यानगरात कर्नाटक मेडिकल कॉलेज सुरू झालं. १९९६ मध्ये त्याचं ‘किम्स’ झालं. गदग, हावेरी, कोप्पळ, कारवारकडची माणसं आजही पहाटेची एसटी पकडून इथे येतात.

प्रयोगशाळेत काय होतं, ते बघण्यासारखं आहे. बेडक्यातला घट्ट पिवळा भाग काचेवर पातळ पसरतात, वाळवतात, त्यावर लाल कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवतात. मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाचा जंतू मेणचट कवचामुळे तो सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. त्या मोजून ‘एक प्लस’, ‘दोन प्लस’, ‘तीन प्लस’ लिहितात. रोगीही हीच भाषा उचलतात: “तीन प्लस होतं, आता निगेटिव्ह आलं.”

खरी कसोटी त्या निगेटिव्हनंतर लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सुटतात. राहिलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होतात. देशभर १९९७ पासून राबवलेल्या ‘डॉट्स’मध्ये समोर बसवून गोळ्या देण्याचा आणि ठरलेल्या महिन्यांत पुन्हा थुंकी तपासण्याचा आग्रह होता, तो यासाठीच.

औषधाला दाद न देणारा क्षय ओळखायचा तर पूर्वी जंतू वाढवूनच, म्हणजे कल्चर करूनच, बघावं लागायचं. कोंबडीच्या अंड्यांपासून बनवलेल्या हिरवट माध्यमावर नमुना लावतात आणि थांबतात. कित्येक जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला जवळपास एक दिवस लागतो. खरखरीत, पिवळसर ठिपके दिसायला चार ते आठ आठवडे जातात. तेवढ्यात चुकीच्या गोळ्या चालू राहिल्या तर रोगी खालावतो आणि घरात लागणही होते.

ही कोंडी फोडणाऱ्यांत हुबळीचे शेजारी आहेत. बंगळूरच्या बिगटेक लॅब्ज आणि गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो यांनी ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र घडवलं. जंतू आहे का, हे ते तासाभरात सांगतं. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला तो दाद देतो का, हे आणखी तासाभरात. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. वीज जाणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्यातही ते चालतं, हे त्याचं मोठेपण.

कल्चर मात्र गेलेलं नाही. यंत्र मेलेल्या जंतूचाही माग काढतं. उपचार लागू पडतोय का, म्हणजे जिवंत जंतू उरलाय का, हे अंड्याच्या माध्यमावर किंवा द्रव माध्यमातच कळतं. म्हणून चिवट क्षयाचा रोगी आजही नमुना देऊन गावी परततो आणि काही आठवडे फोनकडे डोळे लावून बसतो. उपचार पुरे झाल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्याला पुन्हा तपासणीला यावं लागतं.