‘लाव्हेंतुरा’ : हुर्योपासून मानाच्या यादीपर्यंत

मे १९६० मध्ये कान चित्रपट महोत्सवात मिकेलांजेलो अंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा ‘लाव्हेंतुरा’ हा चित्रपट प्रथम दाखवण्यात आला, तेव्हा प्रेक्षागृहात शिट्ट्या, हशा आणि हुर्यो यांचा गदारोळ उडाला. लांबलेल्या दृश्यांच्या वेळी ‘कट, कट’ असे ओरडून प्रेक्षकांनी दिग्दर्शकाची खिल्ली उडवली. नायिकेची भूमिका करणारी मोनिका व्हित्ती आणि अंतोनिओनी यांना तेथून खिन्न मनाने बाहेर पडावे लागले. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने समीक्षकांचा दशवार्षिक कौल घेतला. त्यात जगातील सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत ‘सिटिझन केन’पाठोपाठ दुसरा क्रमांक ‘लाव्हेंतुरा’चा होता.

वरवर पाहता कथा रहस्यकथेसारखी आहे. श्रीमंत मित्रमंडळींचा एक गट नौकेतून सिसिलीजवळच्या एका निर्जन, खडकाळ बेटावर जातो. तेथे आन्ना ही तरुणी अचानक नाहीशी होते. तिचा प्रियकर सान्द्रो आणि मैत्रीण क्लाउदिया तिचा शोध घेऊ लागतात. परंतु शोध चालू असतानाच ती दोघे एकमेकांकडे ओढली जातात आणि आन्ना हळूहळू विस्मरणात जाते. ती बुडाली, पळून गेली, की तिने आत्महत्या केली, याचे उत्तर चित्रपट अखेरपर्यंत देत नाही. इटालियन भाषेत ‘आव्हेंतुरा’ या शब्दाला साहस या अर्थाबरोबरच क्षणिक प्रेमप्रकरण अशीही छटा आहे.

प्रेक्षकांच्या संतापाचे मूळ या मांडणीतच आहे. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या हिचकॉकच्या ‘सायको’मध्येही एक प्रमुख स्त्री-पात्र चित्रपटाच्या मध्यावरच पडद्याआड जाते. मात्र तेथे शेवटी सर्व काही उलगडते, आणि प्रेक्षकाने गुंतवलेले कुतूहल त्याला व्याजासह परत मिळते. अंतोनिओनींनी ते परत देण्याचे नाकारले. माणसे जिव्हाळ्याच्या व्यक्तीलाही किती सहज विसरतात आणि जुनी नीतिमूल्ये मनातून उतरली तरी त्यांचे ओझे कसे वाहत राहतात, हा त्यांचा खरा विषय होता. आन्नाचा छडा लागावा म्हणून ताटकळणारा प्रेक्षकही काही वेळाने क्लाउदिया आणि सान्द्रो यांच्यातच रमू लागतो. पात्रांच्या विस्मरणात प्रेक्षकही असा नकळत सामील होतो. कानमधील प्रेक्षकांना चित्रपट कळला नाही असे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. आपल्याशी झालेला अलिखित करार मोडला गेला आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

हुर्योला उत्तरही तेथेच मिळाले. दुसऱ्या दिवशी रॉबेर्तो रोस्सेलिनी यांच्यासह अनेक दिग्दर्शक व समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने सह्यांचे निवेदन काढले. कादंबरीकार जॉर्ज सिमनॉन यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने सर्वोच्च पारितोषिक फेलिनींच्या ‘ला दोल्चे व्हिता’ला दिले, परंतु चित्रपटीय भाषेचा नवा शोध आणि प्रतिमांचे सौंदर्य यांसाठी ‘लाव्हेंतुरा’ला परीक्षकांचे विशेष पारितोषिक देऊन गौरवले.

समीक्षकांमध्ये मात्र एकमत कधीच नव्हते. १९६१ मध्ये चित्रपट अमेरिकेत पोहोचला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉझ्ली क्राउदर यांनी, काही रिळे हरवलेला चित्रपट पाहावा तसा हा अनुभव असल्याची तक्रार केली. पॉलीन केल यांनी ‘लाव्हेंतुरा’ची वाखाणणी केली, पण दोनच वर्षांत ‘ला नोत्ते’सारख्या चित्रपटांतील श्रीमंतांच्या आत्मिक थकव्याचा सोस त्यांना असह्य झाला. अँड्र्यू सॅरिस यांनी तर दिग्दर्शकाचे नाव आणि कंटाळ्याचा वाचक शब्द यांची सांगड घालून ‘अँटोनिआन्वी’ असा टोमणाच रूढ केला. खुद्द इंगमार बर्गमन यांना अंतोनिओनींचे ‘ब्लो-अप’ आणि ‘ला नोत्ते’ हे दोनच चित्रपट श्रेष्ठ वाटत; बाकीच्यांविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती. तेव्हा हा चित्रपट न आवडणे म्हणजे रसिकतेचा अभाव, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

मानाच्या यादीतील स्थानही अढळ राहिले नाही. १९७२ च्या कौलात ‘लाव्हेंतुरा’ पाचव्या आणि १९८२ मध्ये सातव्या स्थानावर होता. १९९२ मध्ये तो पहिल्या दहांतून बाहेर पडला. २०२२ च्या यादीत तो पहिल्या शंभरांत आहे, पण बराच खाली. याचे एक कारण त्याच्या यशातच दडलेले आहे. उत्तर न देणारी कथा, रिकाम्या अवकाशात हरवलेली माणसे, पात्र निघून गेल्यावरही जागेवर रेंगाळणारा कॅमेरा ही सारी वैशिष्ट्ये पुढे जगभरच्या कलात्मक चित्रपटांनी आत्मसात केली. १९६० मध्ये ज्यामुळे प्रेक्षक खवळले, ते आज महोत्सवांना जाणाऱ्या रसिकाच्या सवयीचे झाले आहे.

तरीही शेवटचे दृश्य सवयीने बोथट झालेले नाही. सान्द्रोची प्रतारणा उघड झाल्यानंतरच्या पहाटे तो बाकावर बसून रडतो. मागे उभी असलेली क्लाउदिया बराच वेळ घुटमळते आणि अखेर त्याच्या डोक्यावर हात ठेवते. चौकटीच्या एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला दूरवरचा एटना पर्वत. ही क्षमा आहे, कीव आहे, की दोघांच्याही दुबळेपणाची कबुली, हे चित्रपट सांगत नाही. ३० जुलै २००७ रोजी, बर्गमन ज्या दिवशी गेले त्याच दिवशी, अंतोनिओनींचेही निधन झाले. आन्नाचे काय झाले याचा उलगडा त्यांच्या चित्रपटाने केलेला नाही. कानच्या प्रेक्षकांनी आरडाओरडा करून मागितलेले उत्तर प्रत्येक नव्या प्रेक्षकाला आजही स्वतःच शोधावे लागते, किंवा त्यावाचून राहायला शिकावे लागते.