डाग, चेहरा आणि डुकराचा कान

मराठीत ‘डाग’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कपड्यावर पडतो तोही डाग, कुळाला लागतो तोही डाग आणि बायकांच्या अंगावर शोभतो तो सोन्याचाही डागच. यांशिवाय एक चौथा डाग आहे. तो तापल्या लोखंडाने जनावराच्या कातडीवर उठवतात आणि त्यासाठी ‘डागणे’ असे स्वतंत्र क्रियापदही आपल्याकडे आहे. जनावरावर खूण करण्याचा इतिहास या चौथ्या डागापासून सुरू करता येतो. गंमत अशी की हा इतिहास शोधत गेलो तर तो आमच्या जालन्याच्या वेशीवरून जातो.

देवगिरीवर १२९६ मध्ये चालून आलेल्या अलाउद्दीन खिलजीने पुढे सुलतान झाल्यावर घोडदळासाठी ‘दाग’ आणि ‘हुलिया’ अशी जोडपद्धत लावली. घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचे वर्णन दफ्तरात लिहून ठेवायचे. शेरशहाने ती पुन्हा उचलली आणि अकबराने तिला बांधेसूद रूप दिले. मागचे कारण अगदी व्यवहारी होते. मनसबदाराला सरकारातून पैसा मिळे तो घोड्यांच्या संख्येवर. गणतीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे उसने आणून उभे करायचे, चांगला घोडा विकून त्या जागी मरतुकडे तट्टू दाखवायचे, हे उद्योग सर्रास चालत. म्हणून डाग हवा आणि डागाच्या जोडीला ‘चेहरा’, म्हणजे रंग, खुणा, जात यांचे लेखी वर्णन हवे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने या डागांच्या आकारांत कसे बदल होत गेले ते तपशीलवार नोंदवले आहे. आधी अक्षरांसारख्या आकृत्या होत्या, शेवटी आकडे आले, कारण आकड्यात लबाडी करणे सर्वांत कठीण, असे त्याचे म्हणणे. हाच अबुल फजल पुढे दख्खनच्या मोहिमेवर आला आणि काही काळ त्याचा मुक्काम जालन्यात होता, अशी नोंद गॅझेटियरमध्ये सापडते. १६०२ मध्ये परतीच्या वाटेवर त्याचा खून झाला.

डागाचे हे शास्त्र मराठ्यांच्या लष्करालाही परके नव्हते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, हा भेद केला की घोडा कोणाचा हे ठरवणे आलेच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांचे सैन्य वेलस्लीकडून हरले. त्यानंतर निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट उभी राहिली आणि जालना तिच्या छावण्यांपैकी एक झाले. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन होईपर्यंत तिच्या घोडदळात शिलेदारीचीच रीत होती. म्हणजे ‘हा घोडा कोणाचा’ या प्रश्नाने जालन्याच्या छावणीतही अनेक कारकुनांची बोटे शाईने माखली असणार.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दाग आणि चेहरा ही दोन्ही साधने अविश्वासातून जन्मली. त्यांना विचारायचे होते ते एवढेच : हे जनावर कोणाचे, आणि मागच्या वेळी दाखवले तेच हे का? जनावराची आई कोण, बाप कोण, आजा कोण, हा प्रश्न त्यांच्या पोटात नव्हता. पैदाशीसाठी मात्र तोच एक प्रश्न महत्त्वाचा. मालकीची खूण आणि वंशाची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद समजून घ्यायचा तर घोडा सोडून ज्याच्याकडे आपण पाहायचे टाळतो त्या प्राण्याकडे, म्हणजे डुकराकडे वळावे लागते.

घोडीला एका वेळी एकच शिंगरू होते, त्यामुळे कोणाचे कोण याचा घोळ सहसा होत नाही. डुकरीण एका वेतात आठ-दहा पिले देते आणि सगळी एकसारखी दिसतात. शिवाय एकीला दूध कमी पडले तर तिची पिले दुसरीच्या अंगाला लावतात. महिन्याभरात कोणते पिलू कोणत्या वेताचे हे सांगणे पाळणाऱ्यालाही अशक्य होते. अशा कळपात नकळत बहीणभावांचा संकर होतो, पिले खुरटी निघतात आणि वाण हळूहळू मावळत जाते. म्हणून जातिवंत डुकरांची पैदास करणारे लोक पिलू एक-दोन दिवसांचे असतानाच त्याच्या कानावर खूण करतात.

या खुणेची सर्वत्र प्रचलित असलेली रीत मोठी हुशारीची आहे. चिमट्याने कानाच्या कडेला छोट्या खाचा पाडतात आणि प्रत्येक जागेला ठरलेली किंमत असते. पिलाचा उजवा कान म्हणजे वेताचा क्रमांक. खालच्या कडेला टोकाजवळची खाच १ ची, डोक्याजवळची ३ ची, वरच्या कडेला टोकाजवळची ९ ची, डोक्याजवळची २७ ची आणि थेट टोकावरची ८१ ची. टोक सोडून इतर जागी दोनपर्यंत खाचा चालतात. सगळ्यांची बेरीज केली की वेताचा आकडा मिळतो आणि १६१ पर्यंत वेते मोजता येतात. डावा कान म्हणजे त्या वेतातले पिलू कितवे ते. उजव्या कानावर २७, ३ आणि १ च्या जागी एकेक खाच, डाव्यावर ३ आणि १ च्या जागी एकेक, असे पिलू दिसले की ते एकतिसाव्या वेतातले चौथे. पांढऱ्या डुकरांत कानाच्या आत गोंदूनही आकडा लिहितात, काळ्या कानावर गोंदण दिसत नाही म्हणून तेथे खाचच बरी. प्लॅस्टिकचा बिल्लाही लावतात, पण डुकरे एकमेकांचे कान ओढतात आणि बिल्ला फाटून पडतो. खाच पडत नाही. अर्थात पिलाला ती दुखते.

पण ही खाच एकटी मुकी आहे. एकतिसावे वेत कोणाचे, हे कान सांगत नाही, वही सांगते. ही वही म्हणजे वंशावळीची नोंदवही. १८७५ मध्ये अमेरिकेत बर्कशायर डुकरांसाठी, आणि १८८४ मध्ये ब्रिटनमध्ये डुक्करपालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन तेथील जातींसाठी, अशा वह्या सुरू झाल्या. प्रदर्शनात डुक्कर उभे करायचे तर त्याचा कान आणि वहीतली ओळ जुळलीच पाहिजे, कारण तेथे वर्ग जन्मतारखेवरून पडतात. या साऱ्यात मला एक गोष्ट विशेष वाटते. आज जगभर पसरलेल्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचा उगम सांगताना १८५१ च्या विंडसर येथील कृषी प्रदर्शनाचा आणि त्यात डुकरे मांडणाऱ्या जोसेफ ट्यूली या विणकराचा उल्लेख होतो. हातमागावर बसणाऱ्या कामगाराच्या परसातले डुक्कर वहीत गेले आणि त्याबरोबर त्याचे नावही इतिहासात गेले.

आपल्याकडे काय झाले? मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेर कैकाडी, वडार अशा समाजांनी डुकरे पाळली. मोकळी हिंडणारी ही काळी डुकरे कोणाची, हे ओळखण्यासाठी पिलाच्या कानाला काप द्यायचा किंवा शेपटीचा शेंडा छाटायचा, ही त्यांची रीत. खूण होती, वही नव्हती. कापाची ओळख पाळणाऱ्याच्या डोक्यात असे आणि त्याच्याबरोबरच ती जाई. कोणती मादी पिले जगवते, कोणती खाऊन टाकते, कोणत्या नराची पिले काटक निघतात, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या या लोकांजवळ होते. ते कोणी लिहून घेतले नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी योजनांतून विलायती यॉर्कशायर आले, बोरिवलीला बेकनचा कारखाना निघाला, पैदास केंद्रांवर खाचा पाडण्याचे चिमटे आणि वह्या आल्या. वहीत परदेशी डुकराची आजी होती. गावठी डुक्कर मात्र सरकारी भाषेत ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ म्हणजे अवर्णित राहिले. अबुल फजलच्या शब्दांत सांगायचे तर त्याचा चेहरा लिहिला गेला नाही.

वही मुळीच नव्हती असे म्हणणेही खरे नाही. एक वही होती, पण ती माणसांची होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विस्तारला. मुंबई इलाख्यात कैकाड्यांसारख्या जमाती त्याच्या कचाट्यात सापडल्या. नोंदणी, हजेरी, बोटांचे ठसे. जन्मावरून गुन्हेगारी ठरवणारी ही नोंद १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत चालली. ज्यांच्या जनावरांची वंशावळ कोणाला नको होती, त्यांची स्वतःची वंशावळ मात्र सरकारला हवी होती, तीही संशयासाठी. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले तेव्हा या समाजाचा चेहरा प्रथमच त्याच्याच हातून मराठीत लिहिला गेला. २०१३ च्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने डुक्कर हा शब्दच शीर्षस्थानी नेऊन ठेवला.

हे सारे अटळ होते असे नाही. शेजारच्या गोव्यातले काळे गावठी डुक्कर अभ्यासकांनी मोजले, वर्णिले, आणि ‘अगोंदा गोवन’ या नावाने राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे ती जात म्हणून नोंदली गेली. डुक्कर कालही तेच होते, आज त्याला नाव आहे. आणि जालन्याला तर वंशावळीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरजच नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि हे गाव बियाण्यांचे झाले. पैदासकार बियाण्याला पिवळे लेबल, पायाभूत बियाण्याला पांढरे, प्रमाणित बियाण्याला निळे, हे येथल्या हमालालाही ठाऊक असते. दाण्याचे आईबाप कोण हे विचारल्याशिवाय या गावात पोते हलत नाही.

आता गाई-म्हशींच्या कानांत बारा आकडी पिवळे बिल्ले आले आहेत. बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री होऊ नये असा शासनाचा आदेश १ जून २०२४ पासून लागू झाला. लस, कर्ज, विमा यांसाठी हा बिल्ला उपयोगी आहे यात शंका नाही. पण तो अलाउद्दीनच्या दागाचा वारस आहे की विणकराच्या वहीचा, हे त्या आकड्यामागे आपण काय लिहितो त्यावर ठरेल. केवळ मालक लिहिला तर तो डागच. आई, बाप आणि ज्याने ते वाण सांभाळले त्याचे नाव लिहिले, तर तो दुसऱ्या अर्थाने डाग होईल, अंगावर मिरवावा असा.